नकाशावर आठ मिनिटं, हप्ता वीस वर्षं

पत्र: आम्ही बेळगावात शहापूरला भाड्यानं राहतो, भाडं ११,०००. मी उद्यमबागेत फाउंड्रीत आहे, ओव्हरटाइम धरून हातात ५८,००० येतात. मिसेस हिंडलग्याकडच्या खासगी शाळेत शिकवतात, पगार २४,०००. मुलगी टिळकवाडीतल्या शाळेत पाचवीला आहे. महिन्याला २७,००० शिल्लक पडतात. जमवलेले साडेचौदा लाख आहेत, त्यातले ९ लाख बँकेत एफडी आणि साडेपाच लाख एका सोसायटीत (पतसंस्थेत). सध्या रोज रात्री मोबाइलवर नकाशा उघडून घर शोधतो. कारखान्याभोवती वर्तुळ आखलं की खानापूर रोडच्या बाजूला एक टू बीएचके दिसतो. वापरलेला आहे, ४६ लाख सांगतात, ‘उद्यमबाग ८ मिनिटे’ असं लिहिलंय. तिथं भाडं १३,००० च्या आसपास आहे. साडू म्हणतात, फ्लॅट कशाला, येळ्ळूर रोडला बायपासलगत दोन गुंठे १४ लाखांत मिळतायत, रोखीनं घेऊन टाका. शिनोळीकडेही प्लॉट स्वस्त दिसतात. भाड्यात पैसे वाया चाललेत, शिवाय कर्ज काढलं तर टॅक्स वाचेल, असं सगळे सांगतात. काय करू?

उत्तर: प्लॉट घेऊ नका. फ्लॅट आत्ता घेऊ नका. पण शोध थांबवू नका. तोच नकाशा पुढची दोन वर्षं भाड्याचं घर बदलायला आणि भाव समजून घ्यायला वापरा. असं का म्हणतो ते सांगतो.

आधी फ्लॅटचा हिशेब. ४६ लाख ही मालकानं सांगितलेली किंमत झाली. त्यावर खरेदीपत्राचा खर्च येतो: ५ टक्के स्टॅम्प ड्युटी, तिच्यावर सेस आणि सरचार्ज, शिवाय ३१ ऑगस्ट २०२५ पासून कर्नाटकात नोंदणी फी १ ची २ टक्के झाली आहे. मिळून साधारण ७.६ टक्के, म्हणजे साडेतीन लाख. ३० लाखांवरच्या गृहकर्जाला रिझर्व्ह बँकेच्या नियमानं घराच्या किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंतच कर्ज मिळतं आणि नोंदणीचा खर्च त्या किमतीत धरत नाहीत. म्हणजे कर्ज ३६.८ लाख आणि खिशातून १२.७ लाख. तुमच्याकडे उरतात १ लाख ८० हजार, तेही रंगकाम, वायरिंग, सामान हलवणं यांच्या आधी.

साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी हप्ता बसतो जवळजवळ ३२,०००. तुमच्या ८२ हजारांच्या ३९ टक्के. पण तुमच्या ५८ हजारांत ओव्हरटाइम आहे. किती ते तुम्ही लिहिलं नाही, मी ९ हजार धरतो. फाउंड्रीच्या ऑर्डरी कमी झाल्या की सगळ्यात आधी तोच जातो, हे उद्यमबागेत काम करणाऱ्याला मी सांगायला नको. तो वगळला की हप्ता उत्पन्नाच्या ४४ टक्क्यांवर जातो. अशा घरात हाताशी पावणेदोन लाख ठेवून वीस वर्षांच्या कर्जात शिरू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता ‘भाडं वाया जातं’ याबद्दल. पहिल्या हप्त्यातले सुमारे २६,००० निव्वळ व्याज असतील, मुद्दलात जातील सहा हजारांच्या आत. ते २६ हजार बँकेला दिलेलं भाडंच आहे. उलट बाजूनं बघा: ज्याचा ४६ लाखांचा फ्लॅट आहे त्याला १३ हजारांनी वर्षाला १ लाख ५६ हजार मिळतात, म्हणजे ३.४ टक्के. यापेक्षा जास्त तर बँकेची एफडी देते. भाडेकरू म्हणून हा सौदा सध्या तुमच्या फायद्याचा आहे.

‘पण दोन वर्षांत भाव वाढेल’ ही भीती खरी आहे, तीही मोजून बघू. आत्ता घेतलात तर दोन वर्षांचं व्याज ६ लाख १५ हजारांच्या आसपास. घातलेल्या १२.७ लाखांवर साडेसहा टक्क्यांनी मिळालं असतं ते व्याज १ लाख ६५ हजार. बेरीज ७ लाख ८० हजार. थांबलात तर दोन वर्षांचं भाडं १३ हजारांनी ३ लाख १२ हजार, आणि भाव दरवर्षी ५ टक्क्यांनी चढला तर फ्लॅट ४ लाख ७० हजारांनी महाग. तीही बेरीज जवळपास तेवढीच. म्हणजे थांबण्याचं नुकसान जवळजवळ नाही, आणि कागद तपासायला, हाताशी पैसे ठेवायला दोन वर्षं मिळतात.

टॅक्सचं तर इथे काहीच नाही. आर्थिक वर्ष २०२५-२६ पासून नव्या कररचनेत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर लागत नाही. तुम्हा दोघांचं उत्पन्न वेगवेगळं धरलं तर कोणीच त्या रेषेजवळ नाही. जो कर भरायचाच नाही तो वाचणार कुठून? शिवाय नव्या रचनेत स्वतः राहत असलेल्या घराच्या कर्जव्याजाची वजावटही मिळत नाही. हा मुद्दा डोक्यातून काढून टाका.

आता नकाशाकडे येऊ, कारण तुमचा निर्णय तिथूनच सुरू झाला आहे. गूगल मॅप्स २००५ साली आलं आणि त्याच वर्षी अमेरिकेत पॉल रॅडमाकर यांनी क्रेग्सलिस्ट या छोट्या जाहिरातींच्या साइटवरच्या घरांच्या जाहिराती त्या नकाशावर बसवून हाउसिंगमॅप्स ही साइट केली. आज सगळ्या प्रॉपर्टी साइट्सवर दिसतं ते त्याचंच मोठं रूप. साधन खरोखर उपयोगाचं आहे, पण जिथं बहुतेक घरं ऑनलाइन येतात तिथं. बेळगावात चांगली भाड्याची घरं अजूनही गेटवर लटकवलेल्या टू-लेट पाटीवरून, पेपरातल्या छोट्या जाहिरातीवरून किंवा गल्लीतल्या ओळखीनं जातात. नकाशावर एखादा भाग रिकामा दिसला तर तिथं घर नाही असं समजू नका. आणि जिथं खूप पिना आहेत तिथं बऱ्याचदा एकच घर तीन एजंटांनी टाकलेलं असतं.

पिन कुठं टोचली आहे तेही बघा. एजंट नेमका पत्ता लपवण्यासाठी पिन भागाच्या मध्यावर ठेवतात, म्हणजे तुम्ही त्यांना टाळून थेट मालकाकडे जाऊ नये. ती ‘आठ मिनिटं’ त्या पिनेपासूनची आहेत, फ्लॅटपासूनची नव्हेत. जागा प्रत्यक्ष बघून या, मग अॅपमध्ये त्या दारापासून दुचाकीचा पर्याय निवडून, शिफ्टच्या वेळेला निघून वेळ बघा. मधे रेल्वे गेट येत असेल तर सकाळी तिथं उभं राहून बघा.

एक गोष्ट मला पत्रात खटकली. वर्तुळाचा मध्य तुमचा कारखाना आहे. वहिनींची शाळा हिंडलग्याला, म्हणजे शहराच्या दुसऱ्या टोकाला, मुलीची टिळकवाडीत. खानापूर रोडला गेलात तर तुमचा वेळ वाचेल आणि वहिनींचा वाढेल, आणि घरात पगार दोघांचा येतो. तीन वर्तुळं आखा. ती जिथं एकमेकांवर येतात तो पट्टा टिळकवाडी-हिंदवाडीच्या आसपास निघेल. तिथं खरेदी तुमच्या आवाक्याबाहेर असेल, पण भाडं नाही. म्हणून सुचवतो: १३ हजारांपर्यंत तिथं अकरा महिन्यांच्या करारावर घर घ्या. दोन हजार भाडं वाढेल. वहिनींना शाळेतून परतायला किती वेळ लागतो ते आधी लिहून ठेवा आणि नंतर ताडून बघा.

शोधताना एका फसवणुकीपासून सांभाळा. ‘मी लष्करात आहे, बदली झाली, घर भाड्यानं द्यायचंय, टोकन पाठवा’ असा मेसेज, सोबत युनिफॉर्ममधला फोटो. मराठा लाइट इन्फन्ट्रीचं केंद्र आपल्याच गावात असल्यामुळे इथं माणूस पटकन विश्वास ठेवतो. घर आतून बघितल्याशिवाय एक रुपयाही देऊ नका, आणि पैसे ‘मिळण्यासाठी’ यूपीआय पिन कधीच लागत नाही. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा.

साडूंचा प्लॉट. इथं जरा कडक बोलतो, कारण १४ लाख रोख म्हणजे तुमची सगळी पुंजी. शहापूर, वडगाव, अनगोळ, येळ्ळूरचं ते शिवार भाताचं आहे आणि त्यातून बळ्ळारी नाला जातो. पावसाळ्यात तो पात्राबाहेर येऊन पिकं पाण्याखाली जातात, हे तुम्ही शहापूरला राहून दरवर्षी ऐकत असाल. हलगा-मच्छे बायपासविरुद्ध शेतकरी वर्षानुवर्षं कोर्टात लढले आहेत. ‘बायपासलगत’ या शब्दाचे पैसे विक्रेता तुमच्याकडून आज घेतो, रस्त्याचा फायदा तुम्हाला केव्हा मिळेल ते तो सांगत नाही.

इथं मात्र नकाशा तुमच्या बाजूनं लढू शकतो. गूगल अर्थमध्ये त्याच जागेची जुन्या वर्षांची उपग्रहचित्रं काढा आणि जुलै-ऑगस्टमधली मिळाली तर नीट बघा. कर्नाटक सरकारचं ‘दिशांक’ अॅप घ्या. प्लॉटवर उभं राहून उघडलं की पायाखालच्या जमिनीचा सर्व्हे नंबर दिसतो. त्याच्या रेषा कायदेशीर हद्द नव्हेत, पण विक्रेता दाखवतो तो नंबर आणि अॅपवरचा नंबर जुळत नसेल तर तिथंच थांबा. जुळला तर त्या नंबरचा उतारा कर्नाटकच्या जमीन नोंदींच्या ‘भूमी’ पोर्टलवर काढा. जमीन अजून शेतीची आहे का, पोटखराबा (लागवडीला न येणारी जमीन) किती आणि तो ‘ब’ खराबा आहे का ते वाचा, कारण नाला, रस्ता अशी सार्वजनिक जागा ‘ब’ खराब्यात येते. मग विक्रेत्याला तीन गोष्टी विचारा: एनए (बिगरशेती) झालंय का, लेआउट बुडानं (बेळगाव नगरविकास प्राधिकरणानं) मंजूर केलाय का, माझ्या दोन गुंठ्यांचा वेगळा ई-खाता (मालमत्तेची ऑनलाइन नोंद) मिळेल की सामायिक उताऱ्यावर नाव लागेल? शेतातले गुंठे पाडून विकणारे बहुतेक जण दुसऱ्या प्रश्नाला विषय बदलतात. अशा जागेवर पुढे घर बांधायला बँक कर्ज देत नाही, विकायला गेलात तर गिऱ्हाईकही रोखीवालाच शोधावा लागतो. कागद कन्नडमध्ये असतात. ज्याला त्या व्यवहारातून एक पैसाही मिळणार नाही अशा वकिलाकडून ते वाचून घ्या.

शिनोळीचं वेगळं आहे. तुमचं वर्तुळ राज्याची हद्द ओलांडतं आणि नकाशाला त्याचं काही वाटत नाही. शिनोळी चंदगड तालुक्यात, महाराष्ट्रात. तिथं कर्नाटकच्या उताऱ्याऐवजी सातबारा, कर्नाटकच्या कावेरी या नोंदणी पोर्टलऐवजी महाराष्ट्राचा नोंदणी विभाग, कर्नाटक रेरा या बांधकाम प्रकल्पांवरच्या नियामकाऐवजी महारेरा. नोंदणी फी १ टक्का, जास्तीत जास्त ३० हजार, हे आकर्षक वाटतं. पण महाराष्ट्रात शेतजमीन शेतकऱ्यालाच घेता येते, तर कर्नाटकानं ही अट २०२० मध्ये उठवली. एजंट हा फरक सहसा बोलत नाहीत. तुमच्या नावावर शेती नसेल तर शिनोळीत एनए नसलेला तुकडा कितीही स्वस्त मिळाला तरी तुमच्या कामाचा नाही. आणि तिथून रोज हिंडलगा, टिळकवाडी, उद्यमबाग असा तिघांचा प्रवास धरलात तर मला त्यात घर दिसत नाही, गुंतवणूकच दिसते, तीही लवकर विकता न येणारी.

दोन वर्षांत काय होईल? महिना २५,००० बाजूला पडले तर सहा लाख, आहे त्या रकमेवर दोनेक लाख व्याज. साडेबावीस लाख होतात. फ्लॅटचा भाव ४६ लाखच राहिला तर ३ लाख हाताशी ठेवून ३० लाखांच्या कर्जात भागेल, हप्ता २६,०००. भाव चढला तर कर्ज ३५ लाखांपर्यंत जाईल, हप्ता तीस हजारांवर. तेव्हाही ओव्हरटाइम वगळून तो झेपतो का ते बघूनच पुढे जा.

फ्लॅटच्या मालकाला आज ‘नाही’ म्हणायची गरज नाही. ई-खाता, गेल्या तेरा वर्षांचा ईसी (मालमत्तेवरचे व्यवहार आणि बोजा दाखवणारा दाखला) आणि बांधकाम पूर्णत्वाचा दाखला दाखवा म्हणावं. आता ई-खात्याशिवाय खरेदीपत्र नोंदलं जात नाही. कागद तयार नसतील तर तो फ्लॅट सहा महिने तसाच पडून राहील आणि तेव्हा ४६ चे ४३ व्हायची शक्यता असेल.

शेवटची गोष्ट सोसायटीतल्या साडेपाच लाखांची. बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत ठेव विमा असतो, पतसंस्थेतल्या ठेवीला तो नसतो. व्याज अर्धा-एक टक्का जास्त असेल, पण हे घराचे पैसे आहेत. मुदत संपेल तशी रक्कम बँकेत आणा आणि एकाच बँकेत सगळं ठेवू नका, दोघांच्या नावांनी दोन बँकांत विभागून ठेवा. सोसायटीच्या पावत्यांवरच्या मुदतीच्या तारखा आजच बघून घ्या.