हवामान बदलाची जोखीम बाजाराने किमतीत आधीच धरलेली असते का?

तुमचे पैसे पंधरा-वीस वर्षांसाठी इंडेक्स फंडात आणि काही कंपन्यांच्या रोख्यांत आहेत. हवामान बदलाचे खरे परिणाम त्यानंतर दिसणार असतील आणि कळण्यासारखे जे आहे ते बाजाराने किमतीत धरलेच असेल, तर वेगळी काळजी कशासाठी करायची, असे तुम्ही विचारले आहे. माझ्या मते या प्रश्नात मुदतच चुकीची धरली आहे. अगदी हेच म्हणणे मी एकदा माझ्या वरिष्ठांकडून ऐकले होते आणि तेव्हा गप्प बसलो होतो, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

इमारती तारण घेऊन दीर्घ मुदतीची कर्जे देणाऱ्या एका संस्थेत मी पतविश्लेषक होतो, म्हणजे दिलेले कर्ज परत येईल का हे तपासणे माझे काम होते. किनाऱ्यालगतच्या एका गोदाम संकुलासाठी वीस वर्षांचे कर्ज मागणारा प्रस्ताव माझ्याकडे आला. भाडेकरू चांगले होते, भाडेकरार लांब मुदतीचे होते, कागदपत्रांत खोट नव्हती. सोबत मागच्या चार वर्षांच्या विमा पॉलिसी जोडलेल्या होत्या. अशा पॉलिसींची मुदत चालू आहे ना, एवढेच सहसा पाहिले जाते. मी त्या चारही टेबलावर शेजारी-शेजारी मांडून वाचल्या. इमारत तीच, विमा कंपनीही तीच. परंतु पुराच्या नुकसानीपैकी मालकाने स्वतः सोसायची रक्कम प्रत्येक नूतनीकरणाला वाढत गेली होती, आणि चौथ्या वर्षी पुराच्या भरपाईवर वेगळी कमाल मर्यादा घातली गेली होती. कर्ज वीस वर्षांचे असले तरी ज्या विम्याच्या भरवशावर ते द्यायचे तो दर वर्षी संपतो, असा एक परिच्छेद मी टिपणात लिहिला.

विभागप्रमुखांनी तो वाचला आणि म्हणाले, "समुद्र आत यायला पन्नास वर्षे लागतील, आपले कर्ज वीस वर्षांत फिटेल. हा पर्यावरणाचा विषय झाला, पतविश्लेषणाचा नव्हे." परिच्छेद काढायला सांगितला गेला आणि मी तो माझ्याच हाताने काढला. कर्ज मंजूर झाले. सहाव्या वर्षी विमा कंपनीने पूर हा धोका पॉलिसीतून वगळला. त्याच सुमारास मालकाने संकुल विकायला काढले, तर पुराचा विमा नसलेल्या इमारतीवर खरेदीदाराला कोणतीही बँक कर्ज देईना. मूल्यांकन घसरले आणि आमचे तारण अपुरे पडले. त्या गोदामांत आजतागायत पाण्याचा थेंबही शिरलेला नाही.

बँक ऑफ इंग्लंडचे तत्कालीन गव्हर्नर मार्क कार्नी यांनी सप्टेंबर २०१५ मधील लंडनच्या भाषणात या जोखमीचे तीन भाग सांगितले होते: प्रत्यक्ष नुकसान, भरपाईचे दावे, आणि कमी कार्बनच्या अर्थव्यवस्थेकडे जाताना मालमत्तांचे घटणारे मोल. दुसऱ्या भागाचे ठळक उदाहरण म्हणजे कॅलिफोर्नियाची पीजी अँड ई ही वीज कंपनी. नोव्हेंबर २०१८ मध्ये तिच्या वीजवाहिनीमुळे लागलेल्या वणव्यात पॅराडाइज हे गाव जळाले, ८५ माणसे मेली, आणि २९ जानेवारी २०१९ रोजी कंपनीने दिवाळखोरी संरक्षण मागितले. त्याच महिन्याच्या सुरुवातीला तिचे पतमानांकन, म्हणजे कर्ज फेडण्याच्या क्षमतेला मिळालेला दर्जा, गुंतवणूकयोग्य श्रेणीत होते. सगळे किमतीत धरलेले असते, असे म्हणणाऱ्यांनी ही दोन वाक्ये एकामागून एक वाचावीत. बाजार हाती आलेल्या माहितीची किंमत लावतो, आणि ही माहिती बहुधा कुठल्या तरी पॉलिसीच्या जोडपत्रात पडून असते. कंपन्यांनी हवामानाची जोखीम जाहीर करावी यासाठीच्या आयएफआरएस एस-२ या आंतरराष्ट्रीय मानकामुळे ती थोडी बाहेर येईल, परंतु ज्या देशांनी ते स्वीकारले तेथेच ते बंधनकारक आहे.

तुमच्यापुरते सांगायचे तर इंडेक्स फंडात पैसे अनेक कंपन्यांत विभागलेले असल्याने एका कंपनीच्या बुडण्यापासून संरक्षण मिळते. विमा महागला किंवा कार्बनवर कर बसला तर त्याचा भार मात्र एकाच वेळी अनेक कंपन्यांवर पडतो. रोख्यांकडे अधिक बारकाईने पाहा, कारण कंपनीची भरभराट झाली तरी रोखेधारकाला ठरलेले व्याजच मिळते आणि ती बुडाली तर मुद्दल जाऊ शकते. रोखा कधी फिटणार यापेक्षा त्या कंपनीला मधल्या काळात विमा आणि कर्ज किती वेळा नव्याने घ्यावे लागणार, हे मोजा. तुमचे सल्लागार पन्नास वर्षांची गोष्ट काढतील, तेव्हा हाच प्रश्न त्यांना विचारा आणि माझ्यासारखे गप्प बसू नका.

एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी. विमा महागण्यामागे दर वेळी हवामानच असते असे नाही. बांधकामाचा खर्च वाढतो, पुनर्विम्याचे, म्हणजे विमा कंपन्या स्वतःसाठी घेतात त्या विम्याचे, दर चढतात, म्हणून केवळ वाढलेल्या हप्त्यावरून निष्कर्ष काढू नये. त्या चार पॉलिसींत मी हेही ताडून पाहिले होते: आगीच्या विम्याच्या अटी चारही वर्षे जशाच्या तशा होत्या, बदलल्या होत्या त्या फक्त पुराच्या. या तुलनेचा तक्ता काढून टाकलेल्या परिच्छेदाखालीच होता.