करारावर सही विद्यापीठाची, अर्जावर मुलीची

पत्र: माझी मुलगी मायक्रोबायॉलॉजीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, सीजीपीए 7.9. तिच्या कॉलेजचे युरोपातल्या अकरा विद्यापीठांशी करार आहेत असं माहितीपत्रकात छापलंय. पाचव्या सेमिस्टरला तिला युरोपियन युनियनच्या इरॅस्मस योजनेतून, फुल स्कॉलरशिपवर पाठवायचंच, असं मी ठरवलंय. एक एजंट खात्रीने जागा मिळवून देतो म्हणतो, आगाऊ रक्कम मागतोय. मोटिव्हेशन लेटर मी स्वतः लिहून सोबत जोडलंय, तपासून द्या. अर्जासाठी तिच्या नावाचा ईमेलही मीच उघडलाय. ती म्हणते, सहाव्या सेमिस्टरचा प्रोजेक्ट सुरू व्हायच्या आत परत येता आलं नाही तर तो हातचा जाईल, आत्ता नको. पण या वयात मुलांना काय कळतं? ही संधी हुकली तर पुन्हा येणार नाही. पुढे काय करू?
– एक पालक

उत्तर:

नमस्कार. तुमच्या पत्रात ठरवणारे तुम्ही, लिहिणारे तुम्ही, ईमेल उघडणारेही तुम्हीच. मुलीच्या वाट्याला एकच वाक्य आलंय, आणि सगळ्या पत्रात नीट विचार करून बोललेलं तेवढं एकच वाक्य आहे. ते तुम्ही 'काय कळतं' म्हणून बाजूला सारलंत, याची मला तिच्या मार्कांपेक्षा जास्त काळजी वाटते.

ती काय म्हणतेय ते कॅलेंडर पुढ्यात घेऊन बघा. उदाहरणार्थ, जर्मनीत हिवाळी सेमिस्टरची लेक्चर्स साधारण ऑक्टोबरच्या मध्यावर सुरू होतात आणि फेब्रुवारीपर्यंत चालतात, परीक्षा त्यानंतर. तोवर तिच्या वर्गात सहावं सेमिस्टर सुरू होऊन कितीतरी दिवस झालेले असतील, प्रोजेक्टचे गट पडलेले असतील, प्रयोगशाळेतली जागा वाटून झालेली असेल. परीक्षा टाकून लवकर यावं म्हटलं, तर क्रेडिट बुडतं आणि शिष्यवृत्तीही कापली जाते. कारण ही रक्कम दिवसांवर मोजतात: पुरा महिना नसेल तर प्रत्येक दिवसाला महिन्याचा तिसावा हिस्सा. यजमान विद्यापीठ शेवटी हजेरीचं प्रमाणपत्र देतं, त्यावरच्या तारखांनी हिशेब होतो आणि जास्तीचे पैसे परत करावे लागतात. तुमची मुलगी घाबरलेली नाही. तिने गणित मांडलंय, आणि ते बरोबर आहे.

मोटिव्हेशन लेटर मी तपासून देणार नाही. भाषा चांगली आहे, पण ते तुमचं आहे. 'जागतिक दर्जाचं शिक्षण' तीन ठिकाणी आलंय, एकाही विषयाचं नाव नाही. निवड समिती विचारते: तिकडचे कोणते कोर्स घेणार, ते तुमच्या अभ्यासक्रमात कुठे बसतात, परत आल्यावर त्यांचं काय करणार? मुलाखतीत दुसऱ्याच प्रश्नाला कळतं की हे पत्र हिने लिहिलेलं नाही. मग 7.9 असूनही नाव मागे पडतं, आणि विभागातल्या शिक्षकांच्या ते लक्षातही राहतं.

आता अकरा करारांबद्दल. पुष्कळ पालकांचं घोडं इथेच अडतं. सामंजस्य करार म्हणजे निधी नव्हे. तो दोन विद्यापीठांनी एकमेकांना दिलेला शब्द असतो, त्यात एक युरोसुद्धा नसतो. इरॅस्मस प्लसच्या क्रेडिट मोबिलिटीत, म्हणजे इकडच्या पदवीचा काही भाग तिकडे शिकून यायच्या सोयीत, पैशासाठी अर्ज करते ती युरोपातली संस्था, तिच्या देशात हा निधी सांभाळणाऱ्या राष्ट्रीय एजन्सीकडे. युरोपाबाहेरच्या विद्यापीठाला भागीदार होता येतं, स्वतःहून अर्ज करता येत नाही. प्रकल्प मंजूर झाला तर तो 24 किंवा 36 महिन्यांचा असतो, आणि त्याआधारे दोन्ही संस्थांमध्ये वेगळा आंतरसंस्थात्मक करार होतो. विषयशाखा कोणती, पदवी की पदव्युत्तर, विद्यार्थी किती, कुणी कुणाकडे जायचं, एकूण महिने किती, हे त्यात कोष्टकात लिहिलेलं असतं. समजा त्या कोष्टकात '2 विद्यार्थी, 10 महिने, पदव्युत्तर, अभियांत्रिकी' असं असेल, तर मायक्रोबायॉलॉजीच्या दुसऱ्या वर्षातल्या मुलीसाठी तिथे जागाच नाही, माहितीपत्रकात झेंडे कितीही छापलेले असोत. म्हणून कॉलेजच्या आंतरराष्ट्रीय विभागात मुलीने जाऊन विचारायचं ते असं: या अकरांपैकी किती करारांमागे आज चालू असलेला निधी आहे? त्यातले आमच्या विषयाला आणि पदवीला लागू किती? प्रकल्प संपतो कधी? उत्तर एक किंवा शून्य आलं तरी नवल मानू नका.

यातच एजंटचाही निकाल लागतो. या जागांसाठी निवड आणि नामनिर्देशन मुलीची स्वतःची संस्था करते, जाहीर निकषांवर, आणि कागद ठेवून. पहिला निकष शैक्षणिक गुणवत्ता. दोन विद्यार्थी त्यात बरोबरीचे असले तर आर्थिकदृष्ट्या मागे असलेल्याला प्राधान्य. बाहेरच्या माणसाच्या हातात यातली एकही जागा नसते. निवड झालेल्या विद्यार्थ्याकडून यजमान विद्यापीठाला शिकवणी, नोंदणी, परीक्षा, प्रयोगशाळा किंवा ग्रंथालयाचं शुल्क घेता येत नाही. विमा किंवा विद्यार्थी संघटनेची किरकोळ वर्गणी तिथल्या विद्यार्थ्यांइतकीच घेता येते. स्वतःच्या कॉलेजची फी मात्र चालू राहू शकते. 'खात्रीची जागा' म्हणून आगाऊ पैसे मागणारा माणूस जे विकतोय ते त्याच्याकडे नाही. देऊ नका.

'फुल स्कॉलरशिप' हा शब्दही सोडा. युरोपाबाहेरून येणाऱ्या विद्यार्थ्याला यजमान देशानुसार महिन्याला 800 ते 900 युरो मिळतात, शिवाय अंतराच्या टप्प्यानुसार प्रवासखर्च. जर्मनी 900च्या गटात आहे. पण जर्मन व्हिसासाठी सप्टेंबर 2024 पासून महिन्याला 992 युरोंची सोय दाखवावी लागते. म्हणजे दर महिन्याला 92 युरो कमी, पाच महिन्यांचे 460, ते कुठून येणार हे आधी दाखवायचं. त्यातही पहिला हप्ता हातात पडेपर्यंत तिकीट, व्हिसा, विमा, खोलीचं डिपॉझिट हे सगळं होऊन गेलेलं असतं. कधीकधी तिकडे पोचून बँकेत खातं उघडेपर्यंत पैसे येत नाहीत. पहिल्या सहा आठवड्यांचा खर्च स्वतःच्या खिशातून करायची तयारी लागते. आणि पूर्ण रक्कम एकदम मिळेलच असं नाही, शेवटचा हिस्सा परत आल्यावर ऑनलाइन अहवाल भरल्यानंतर येऊ शकतो.

भाषेच्या परीक्षेचं एका ओळीत सांगतो: करारात पातळी लिहिलेली असते, बहुधा बी-2 (म्हणजे मध्यमच्या वरची), आणि तेवढ्यासाठी क्लासवर वर्ष घालवू नका.

जास्त वेळ द्यायचा तो लर्निंग अॅग्रीमेंटला. त्यात दोन कोष्टकं असतात. टेबल ए मध्ये तिकडे घ्यायचे कोर्स, टेबल बी मध्ये त्यांच्या बदल्यात इकडे कोणते विषय माफ होणार. एका सेमिस्टरला 30 ईसीटीएस (युरोपातली क्रेडिट) हे प्रमाण, आणि एका ईसीटीएसमागे 25 ते 30 तासांचं काम. टेबल ए सगळे उत्साहाने भरतात. टेबल बी 'नंतर बघू' म्हणून मोघम ठेवतात, आणि नुकसान होतं ते तिथेच: परत आल्यावर परीक्षा विभाग म्हणतो, इम्युनॉलॉजीचं प्रात्यक्षिक यात धरलेलं नाही, पुन्हा करा. निघण्याआधी विद्यार्थी, स्वतःची संस्था आणि यजमान संस्था अशा तिन्ही सह्या टेबल बी भरलेल्या कागदावर हव्यात. तिकडे गेल्यावर एखादा कोर्स रद्द झाला तर पहिल्या काही आठवड्यांतच बदल लिहून पुन्हा तिन्ही सह्या घ्यायच्या. या कागदावर पालकाच्या सहीला जागा नाही. ज्या मुलीला जायचं नाही, ती हे कोष्टक मन लावून भरणार नाही, आणि तिच्या वतीने तुम्हाला ते भरता येणार नाही.

'पुन्हा येणार नाही' या तुमच्या वाक्याचं मूळ धाकात आहे, नियमात नाही. क्रेडिट मोबिलिटी 2 ते 12 महिन्यांची असते, आणि 12 महिन्यांची मर्यादा शिक्षणाच्या प्रत्येक टप्प्याला वेगळी: पदवीला 12, पदव्युत्तरला पुन्हा 12, पीएचडीला पुन्हा. पाचव्या सेमिस्टरला ती गेली नाही म्हणून पुढचं काही बुडत नाही.

माझं स्पष्ट मत: या वर्षी पाठवू नका. तिला प्रोजेक्ट करू द्या. तो झाल्यावर, तिची इच्छा असेल तर, तिने इरॅस्मस मुंडस संयुक्त पदव्युत्तर अभ्यासक्रम बघावेत. तिथे कॉलेजचा करार लागत नाही. विद्यार्थी थेट विद्यापीठांच्या समूहाकडे अर्ज करतो, आणि पदवीच्या शेवटच्या वर्षात असतानाही करता येतो. किमान दोन देशांत शिक्षण होतं. शिष्यवृत्ती महिन्याला 1400 युरो, जास्तीत जास्त 24 महिने, शिकवणी शुल्क माफ. त्यातूनच प्रवास, व्हिसा, राहणं सगळं भागवायचं असतं. बहुतेक अर्ज ऑक्टोबर ते जानेवारीत घेतले जातात, आणि चालू अभ्यासक्रमांची सूची युरोपियन कमिशनच्या संकेतस्थळावर असते. स्पर्धा कडक आहे. तिथे 7.9 च्या जोडीला शिफारसपत्र लागतं, आणि ते वजनदार होतं ते प्रयोगशाळेत सहा महिने काम बघितलेल्या गाइडने लिहिलं तर. तुम्ही जो प्रोजेक्ट मोडायला निघाला होता, त्यातूनच ते पत्र येणार आहे.

तिला आज विचारा की प्रोजेक्ट कशावर आहे. मध्ये न बोलता दहा मिनिटं ऐका. परदेशाचा विषय तिने काढला तर बोला, नाहीतर राहू द्या.

आणि त्या ईमेलचा पासवर्ड तिच्या हवाली करा, किंवा तिने स्वतःचा पत्ता उघडावा. नामनिर्देशन झालं की यजमान विद्यापीठ अर्जाची लिंक त्याच पत्त्यावर पाठवतं, मुदत थोडी असते, आणि कोर्सच्या यादीतले बदल, खोलीचे अर्ज, सह्यांसाठी परत आलेले कागद हे सगळं तिथेच येतं. ते उघडून त्याच दिवशी उत्तर देणारी व्यक्ती तीच असायला हवी.