जळगावच्या उन्हात सकुलंट का कुजतात, आणि ते जगवायचे कसे?

तुम्ही लिहिलंय की जळगावला तिसऱ्या मजल्याच्या गच्चीवर तुमच्या सकुलंटच्या, म्हणजे पानात पाणी साठवणाऱ्या मांसल रोपांच्या, दहा कुंड्या होत्या. पाणी आठवड्यातून एकदाच घालत होता, तरी मे महिन्यात खालची पानं पिवळी, काचेसारखी पारदर्शक झाली आणि बघता बघता सात रोपं गेली. ऊन बाधलं की पाणी कमी पडलं, असं विचारलंय.

ताई, पाणी कमी पडलेलं नाही. तहानलेल्या सकुलंटचं पान सुरकुततं, लिबलिबीत नाही तर चामड्यासारखं मऊ होतं, आणि पाणी मिळालं की दोन-तीन दिवसांत पुन्हा भरतं. पारदर्शक होऊन बोट लावताच गळून पडणारं पान म्हणजे खाली मूळ कुजलेलं आहे. मी भुसावळला राहते. पहिल्याच उन्हाळ्यात माझ्या एचेवेरिया नावाच्या सकुलंटच्या अकरा कुंड्या अगदी अशाच गेल्या. पारा ४५ च्या वर, रोपांचा जीव कासावीस होत असेल, म्हणून मी रोज संध्याकाळी थोडं थोडं पाणी देत होते. त्या पाण्यानंच ती गेली.

सगळे दिवसाच्या उन्हाबद्दल बोलतात, पण आपल्याकडे खरी अडचण रात्रीची आहे. इतर झाडं दिवसा पानांची रंध्रं, म्हणजे बारीक छिद्रं, उघडून कार्बन डायऑक्साइड घेतात. बहुतेक सकुलंट दिवसा रंध्रं मिटून ठेवतात, म्हणजे अंगातलं पाणी उडत नाही. रात्री गारवा पडला की ती उघडतात, कार्बन डायऑक्साइड घेऊन मॅलिक आम्लाच्या रूपात साठवतात आणि दुसऱ्या दिवशी उजेडात त्याचं अन्न करतात. या कामाला रात्र गार लागते. एचेवेरिया मूळची मेक्सिकोच्या डोंगराळ भागातली. तिथे दिवस तापला तरी रात्री थंडावा असतो. आपल्याकडे मेमध्ये रात्री अकरालासुद्धा गच्चीचा स्लॅब तळपायाला चटका देतो. अशा रात्री रंध्रं पुरती उघडत नाहीत, वाढ थांबते, मुळं पाणी ओढायचं जवळजवळ बंद करतात. मग तुम्ही घातलेलं पाणी कुंडीत तसंच राहतं आणि दुसऱ्या दुपारी तापलेल्या ओल्या मातीत मुळं शिजतात. पुढचं काम बुरशी करते.

आपल्या घरांत दारावर उलटी टांगलेली कोरफड असते, ती आठवून बघा. ना माती, ना पाणी, तरी महिनोन्‌महिने हिरवी राहते. माझ्या सासूबाई कुंडीतल्या कोरफडीबद्दलही हेच सांगायच्या, ‘तिले पानी नको टाकू व माय.’ तेव्हा मी ऐकलं नाही. पानफुटीचं पान वहीत दाबून ठेवलं तरी त्याच्या कडेला कोंब फुटतात, हे तर शाळेत आपण सगळ्यांनीच केलंय. ज्यांच्या पानातच पाण्याची टाकी आहे त्यांना उपाशी ठेवायला घाबरायचं नाही.

माझं पाण्याचं गणित आता सणांवर चालतं. दसऱ्यापासून होळीपर्यंत ही रोपं वाढतात, तेव्हा माती पूर्ण वाळली की भरपूर पाणी, अगदी तळाच्या भोकातून वाहीपर्यंत. वाळली की नाही हे बघायला अगरबत्तीची जुनी काडी तळापर्यंत खुपसते. काडीला माती चिकटली तर अजून थांबायचं. होळीनंतर हात आखडायचा. आखाजीपासून, म्हणजे अक्षय्य तृतीयेपासून, पाऊस पडेपर्यंत वीस-बावीस दिवसांतून एकदा, तेही कडेकडेनं अर्धा पेला, आणि रात्री कुंडीला हात लावून ती गार झाली असेल तरच. सकाळी तर उन्हाळ्यात मुळीच घालू नका, कारण ते पाणी दुपारपर्यंत तापतं. पावसाळ्यात कुंड्या छज्ज्याखाली किंवा पारदर्शक पत्र्याखाली घ्यायच्या. उजेड हवा, पाऊस अंगावर नको. श्रावणातल्या झडीत मी तीन-तीन आठवडे पाण्याचा डबा हातात घेत नाही.

मातीबद्दल तुम्ही काहीच लिहिलं नाही, पण शेतातून आणलेली काळी माती असेल तर निम्मं कारण तिथेच सापडलं. आपली काळी कपाशीला सोन्यासारखी आहे, कारण ती पाणी धरून ठेवते. ओली झाली की फुगते, वाळली की भेगाळते. सकुलंटला नेमकं हेच नको असतं. ओल्या काळ्या मातीत मुळांना हवा मिळत नाही आणि भेगा पडताना बारीक मुळं तुटतात. मी दोन घमेली वीटभट्टीवरचा चुरा किंवा चाळणीवर उरलेली भरड वाळू, एक घमेलं मुरूम आणि एक घमेलं पूर्ण कुजलेलं जुनं शेणखत असं मिसळते. वाळूतला बारीक भाग टाकून द्यायचा, नाहीतर तो सिमेंटसारखा बसतो. मूठ दाबून सोडली की मिश्रण विस्कटलं पाहिजे. नर्सरीतून आलेलं रोप बहुतेक वेळा कोकोपीटच्या, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशाच्या, गोळ्यात असतं. तो गोळा मुळांभोवती तसाच ठेवून वर कितीही चांगली माती भरली तरी उपयोग नाही. हलक्या हातानं तो सगळा काढा, रोप दोन-तीन दिवस सावलीत उघडं ठेवा, मग लावा आणि पुढचा आठवडाभर पाणी देऊ नका.

कुंडी मातीचीच घ्या, आणि तिला तेलरंग देऊ नका. माठ ज्या कारणानं पाणी गार ठेवतो त्याच कारणानं मातीची कुंडी मुळं गार ठेवते. ओल भिंतीतून झिरपते, उडते आणि जाताना उष्णता घेऊन जाते. प्लास्टिकच्या काळ्या कुंडीत यातलं काहीच होत नाही, उलट ती ऊन पिते. कुंड्या थेट स्लॅबवर न ठेवता दोन विटांवर ठेवा, म्हणजे खालून हवा खेळेल. जागा पूर्वेची, सकाळी दहापर्यंतच्या उन्हाची. होळीच्या सुमारास वर ५० टक्क्यांची, म्हणजे निम्मं ऊन अडवणारी, हिरवी शेडनेट बांधा. हॉवर्थिया नावाचं सकुलंट तर मी उन्हाळाभर खिडकीच्या आतच ठेवते.

खताची फारशी गरज नाही. पानांच्या बेचक्यात कापसासारखा पांढरा पिठ्या ढेकूण दिसला तर सर्जिकल स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसानं टिपून काढा. बोअरच्या क्षारानं मातीवर पांढरा थर चढत असेल तर पावसाचं साठवलेलं पाणी वापरा.

पण सगळ्याच सकुलंटना हा नियम लावू नका. अडेनियम याच्या बरोबर उलट वागतं. त्याला आपला उन्हाळा मनापासून आवडतो, भर उन्हात ते वाढतं, फुलतं आणि तेव्हा पाणीही मागतं. थंडीत पानं गाळून झोपतं, तेव्हा त्याचं पाणी तोडायचं. बारीक पानांचं, लालसर खोडाचं जे रोप नर्सरीत जेड म्हणून विकतात, ते बहुधा पोर्चुलाकेरिया असतं. तेही आपलं ऊन सोसतं. शेर तर आपल्याकडे बांधावर कुंपणाला असतोच. गच्चीवर एका बाजूला ही मंडळी आणि सावलीच्या बाजूला एचेवेरिया, अशी विभागणी केली की पाणी घालताना हात चुकत नाही. अडेनियम आणि शेराचा चीक विषारी आहे, शेराचा डोळ्यात गेला तर फारच वाईट, त्यामुळे घरात लहान मूल असेल तर ही दोन त्याच्या हाताला लागतील अशी ठेवू नका.

उरलेली तीन रोपं आज संध्याकाळीच कुंडीतून काढून बघा. मूळ पांढरं किंवा फिकट तपकिरी आणि टणक असेल तर ठीक, वर सांगितलेल्या मिश्रणात लावा. काळं आणि बुळबुळीत असेल तर स्वच्छ सुरीनं खोड वरून कापत जा, कापलेल्या जागी एकही तपकिरी ठिपका दिसेनासा होईपर्यंत. उरलेला शेंडा सावलीत आठवडाभर वाळू द्या, कापलेल्या जागी खपली धरली की कोरड्या भरड वाळूवर नुसता टेकवून ठेवा. मुळं फुटेपर्यंत पाणी नाही. उन्हाळ्यात मुळं सावकाश फुटतात, महिना-दीड महिनाही लागतो. शेंडा टणक आहे तोवर तो जिवंत आहे, त्याला हलवू नका. गळलेल्या पानांपैकी जी भरीव आणि निरोगी आहेत तीही टाकू नका, सावलीतल्या ताटलीत ठेवा. काहींना कोंब येईल.

नवीन रोपं मात्र आत्ता घेऊ नका, नर्सरीत कितीही टवटवीत दिसली तरी. दसरा झाला, पहाटे अंगावर चादर ओढावीशी वाटायला लागली, की जाऊन घेऊन या.