टोमॅटोचं बी ने, पण आधी हे ऐक

बी आजच घेऊन जा बघू. माझे गुडघे आता वाफ्यात बसू देत नाहीत, आणि डबीत पडून राहिलेलं बी चार-पाच वर्षांनी हळूहळू कमी उगवतं, मग वाटून टाकलेलं काय वाईट.

सगळं एकदम पेरू नकोस हां! अर्धं ठेव, यंदा मर रोगाने झाडं गेली तर पुढच्या वर्षी परत सुरुवात करता येते, आपल्या गोव्याच्या आंबट मातीत हा रोग फार, त्यामुळे मी तर शेवटी कुंडीतच लावायचो. रोपं पाऊस ओसरल्यावर, ऑक्टोबरात कर.

बी धरायचं तर झाडावर पूर्ण पिकलेलं, सगळ्यात चांगल्या झाडाचं फळ घे, पहिलं फळ खायचा मोह आवर. गर बियांसकट ग्लासात दोन-तीन दिवस झाकून ठेव, वास मारेल, घरचे ओरडतील, ओरडू देत. त्या बुळबुळीत आवरणामुळेच बी उगवायचं थांबतं, ते आंबून सुटतं. मग धुवून ताटलीत सावलीत सुकव. कागदावर नको, चिकटून बसतं.

आणि बाजारातल्या हायब्रीडचं बी धरत बसू नकोस, पुढची झाडं तशीच येतीलच असं नाही. हे जुनं वाण मात्र बहुतेक स्वतःचंच परागीभवन करतं, तरी दोन वाणं जरा लांब लाव.

डबीवर नाव आणि वर्ष लिही. पावसात डबी फ्रीजमध्ये, घट्ट झाकण लावून. आणि हो, पुढच्या वर्षी चिमूटभर मला परत आणून दे, गॅलरीत एक कुंडी अजून जमते मला.