ईजीएफ दिला आणि ईजीएफआरच कमी झाला?

तुमचा प्रश्न मी असा समजलो: एमसीएफ-१०ए (माणसाच्या स्तनातल्या) पेशी रात्रभर सीरम आणि ईजीएफ (पेशींना वाढायला सांगणारं प्रथिन) यांच्याशिवाय ठेवल्या, सकाळी ईजीएफ दिला, दोन तासांनी ब्लॉट (कोणतं प्रथिन किती आहे ते पट्ट्यांवरून दाखवणारी चाचणी) केला. मिकचा (पेशीची वाढ चालवणाऱ्या प्रथिनाचा) बँड ठळक आला, ईजीएफआरचा (ईजीएफ ज्याला चिकटतो त्या पेशीवरच्या रिसेप्टरचा) फिकट. प्रयोग फसला का?

नाही हो, चांगला झालाय. ‘वाढीचा संदेश आला की प्रथिनं तोडणं मंदावतं’ हे ढोबळमानाने खरं आहे, पण त्या संदेशाने सरसकट सगळ्यांना अभय मिळत नाही. कोण राहणार आणि कोण भंगारात जाणार, हे प्रत्येक प्रथिनाचं वेगळं ठरतं.

आधी रिसेप्टर. ईजीएफ चिकटला की दोन रिसेप्टर जोडीने येतात आणि एकमेकांच्या शेपटीवर फॉस्फेट चढवतात. त्यातल्या १०४५ क्रमांकाच्या टायरोसिनवर (प्रथिनाच्या साखळीतलं एक अमिनो आम्ल) सीबीएल हा युबिक्विटिन लायगेज (युबिक्विटिन नावाचं छोटं प्रथिन इतरांवर चिकटवणारा एन्झाइम) येऊन बसतो. युबिक्विटिन म्हटलं की आपल्या डोक्यात लगेच प्रोटिएसोम, म्हणजे पेशीतलं प्रथिनं तोडणारं यंत्र, येतं (या शोधाला २००४चं नोबेल मिळाल्यावर तर जास्तच), पण इथे ती फक्त पत्त्याची चिठ्ठी असते. रिसेप्टर एंडोसोममधून (पेशीने आत ओढलेल्या मालाच्या पिशवीतून) लायसोसोममध्ये (पेशीच्या पचनाच्या पिशवीत) जातो आणि तिथे संपतो. म्हणजे संदेश आणणाऱ्यालाच संदेश पोचल्यावर निकालात काढलं जातं. टीजीएफ-अल्फा हा वाढीचा दुसरा संदेश याच रिसेप्टरला चिकटतो, पण एंडोसोममधल्या आम्लतेत सुटून जातो. मग रिसेप्टर बराचसा पृष्ठभागावर परततो. तुमच्यासाठी हा फुकटातला कंट्रोल आहे, एक लेन त्याची जरूर घ्या.

मिकची गोष्ट उलटी. एरवी त्याचं अर्धायुष्य अर्ध्या तासाच्या आसपास. एर्क (ईजीएफच्या संदेशाने जागा होणारा एन्झाइम) त्याच्या सेरिन ६२वर फॉस्फेट लावतो, त्याने मिक टिकतो. त्या फॉस्फेटच्या आधाराने जीएसके-३ हा आणखी एक एन्झाइम थ्रिओनिन ५८वर दुसरा लावतो. मग ६२वरचा निघाला की एफबीडब्ल्यू७ (एका युबिक्विटिन लायगेजचाच भाग) मिकला पकडून प्रोटिएसोमकडे पाठवतो. ईजीएफ असताना एकेटी हा एन्झाइम जीएसके-३ला दाबून ठेवतो, म्हणून ही साखळी पुढे सरकत नाही.

आता खरी टोचणी. तुमच्या ब्लॉटवरून मिक ‘टिकला’ असं म्हणता येत नाही. ईजीएफने मिकचा एमआरएनएही (प्रथिन बनवायचा निरोप) वाढतो, त्यामुळे नुसत्या ठळक बँडवरून जास्त बनला की कमी तुटला हे कळणार नाही. सायक्लोहेक्झिमाइड (नवी प्रथिनं बनणं थांबवणारं रसायन) घालून ०, १५, ३०, ६० मिनिटांचे नमुने घ्या, ईजीएफसह आणि ईजीएफशिवाय. सोबत एक नमुना एमजी-१३२चा (हे प्रोटिएसोम थांबवतं) आणि एक बॅफिलोमायसिनचा (हे लायसोसोमचं काम थांबवतं). मिक पहिल्याने वाचायला हवा, ईजीएफआर दुसऱ्याने. एमजी-१३२ने रिसेप्टरही थोडा वाचलेला दिसला तर दचकू नका. त्याने पेशीतलं मोकळं युबिक्विटिन घटतं आणि रिसेप्टरची रवानगीही अडखळते.

ईजीएफ किती दिला ते तुम्ही लिहिलेलं नाही. मिलिलिटरला १ नॅनोग्रॅमच्या आसपास असेल तर बरेचसे रिसेप्टर परत येतात. २० ते १००ला मात्र लायसोसोमचा रस्ता जोरात चालतो. आकडा टाका, मग पुढचं बोलू.