गम प्रिंटमध्ये पापण्या दिसतील का? आणि पुढे काय?

प्रिय विद्यार्थिनीस,

उपयोजित कलेच्या तिसऱ्या वर्षात तू आजीचं पोर्ट्रेट गम बायक्रोमेटमध्ये, म्हणजे डिंक आणि रंग वापरून फोटो छापण्याच्या जुन्या पद्धतीने, छापलंस. पापण्या, लुगड्याचा काठ सगळं गढूळ आलं. 'या प्रक्रियेत बारकावे येतच नाहीत,' असं तुला सांगितलं गेलं आणि यावर पोट भरेल का, अशी आईबाबांना काळजी आहे.

बारकावे येतात. डिंक, जलरंग आणि डायक्रोमेट या प्रकाशसंवेदी रसायनाचा थर प्रकाशाने वरून खाली कडक होत जातो. थर जाड असला की उजळ भागात नुसता वरचा पापुद्रा कडक होतो. खालचा डिंक पाण्यात विरघळतो आणि पापुद्रा बारकाव्यांसकट निघून जातो. पाठवलेल्या फोटोत गालावर हेच झालेलं दिसतं. म्हणून रंग कमी घाल, थर अगदी पातळ दे आणि गडदपणा तीन-चार थरांतून मिळव. सावल्यांच्या थराला कमी एक्सपोजर (प्रकाशात ठेवण्याचा वेळ), उजळ भागांच्या थराला जास्त. प्रत्येक वेळी निगेटिव्ह नेमकी त्याच जागी बसायला हवी, म्हणून कागद आधीच गरम पाण्यात भिजवून वाळव, म्हणजे नंतर आकसणार नाही. कागद गुळगुळीत, हॉट प्रेस्ड घे आणि त्याला जिलेटिनचं साइझिंग कर, म्हणजे रंग कागदात मुरू नये म्हणून जिलेटिनचा हात दे. निगेटिव्हची शाईची बाजू थराला काचेखाली घट्ट टेकू दे. पावसाळ्यात थर दमट हवेने अंधारातही कडक होतो. वाळला की लगेच वापर.

तरी पापण्या हव्या तितक्या उमटल्या नाहीत, तर आधी सायनोटाइप (निळ्या रंगात फोटो छापायची पद्धत) छापून त्यावर गम चढव. अमेरिकी छायाचित्रकार एडवर्ड स्टायकेनच्या 1904 च्या 'द फ्लॅटआयरन' या फोटोत प्लॅटिनम प्रिंटवर (प्लॅटिनमच्या क्षारांनी छापलेल्या फोटोवर) गमचे थर आहेत, आणि झाडाच्या काटक्या स्पष्ट दिसतात.

एक मात्र पक्कं लक्षात ठेव. डायक्रोमेटने कर्करोगाचा धोका असतो. हातमोजे आणि पूड तोलताना मास्क हवाच, घरच्या स्वयंपाकघरात हे काम करू नकोस, उरलेलं द्रावण मोरीत ओतू नकोस.

आता आईबाबांसाठी. नुसत्या गम प्रिंट विकून घर चालवणारे फार थोडे. पण जिलेटिन, कागद, ओलावा यांची तुझी समज फोटो-संवर्धनात, म्हणजे जुने फोटो जपण्याच्या कामात, कामी येते. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात संवर्धन केंद्र आहे, तिथे जाऊन काम प्रत्यक्ष बघ. त्या वाटेवर रसायनशास्त्र लागतं, तेव्हा आतापासून अभ्यासाला लाग. फोटोग्राफीतच राहायचं असेल तर एनआयडीच्या (नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइन) गांधीनगर कॅम्पसमधला फोटोग्राफी डिझाइनचा एमडेस, म्हणजे डिझाइनमधला पदव्युत्तर अभ्यासक्रम, आहे.

दोन्हीकडे पोर्टफोलिओ लागेल. त्यात आजीची गढूळ प्रिंट आणि सुधारलेली प्रिंट शेजारी शेजारी लाव आणि खाली प्रत्येक थराचं प्रमाण, एक्सपोजर, त्या दिवशीची हवा लिहून ठेव.