ड्युशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी (स्नायू हळूहळू कमजोर करत जाणारा जनुकीय आजार) असलेल्या मुलाला शाळेत पीटीच्या तासाला बसवून ठेवावं का?

नाही, बसवून ठेवू नका. पूर्ण विश्रांतीनेही स्नायू कमजोर होतात आणि सांधे आखडतात. शिवाय सगळे खेळत असताना एकट्याने बाकावर बसणं मुलाला फार लागतं.

मात्र व्यायाम कोणता, हे नीट बघावं लागतं. या आजारात स्नायूंच्या तंतूंना आधार देणारं डिस्ट्रोफिन हे प्रथिन जवळजवळ नसतंच, त्यामुळे ताणाखाली लांबणाऱ्या स्नायूच्या तंतूंना लवकर इजा होते. म्हणून उड्या, बैठका, जिने उतरणं, उतारावर धावणं, वजनं उचलणं टाळा. पोहणं सगळ्यात चांगलं, कारण पाणी शरीराचा भार उचलतं. सपाट जागेवर हलकी सायकलही चालते, दमण्याआधी थांबायचं एवढंच. व्हीलचेअरवरच्या मुलासाठी बोचिया आहे, म्हणजे बसूनच चेंडू टाकून तो एका पांढऱ्या चेंडूच्या जास्तीत जास्त जवळ नेण्याचा खेळ. तो १९८४ पासून पॅरालिम्पिकमध्ये खेळला जातो, म्हणजे नुसती समजूत काढण्यासाठी दिलेला खेळ नव्हे.

पीटीच्या शिक्षकांना एक गोष्ट लिहूनच द्या: खेळानंतर दुसऱ्या दिवशीही स्नायू दुखत असतील तर व्यायाम जास्त झाला. लघवी कोलासारखी गडद झाली तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यायचं. स्टेरॉइड चालू असतील तर हाडं ठिसूळ होतात, तेव्हा धक्काबुक्कीचे खेळ नकोत.

फिजिओथेरपिस्टकडून चालतील अशा हालचाली लिहून घ्या आणि दर काही महिन्यांनी त्या तपासून घ्या. मुलाला फक्त गुण मोजायला बसवलं तर तो सहभाग मानू नका. आणि तो "दमलो" म्हणाला की विश्वास ठेवा, तो आळस नसतो.